घराभोवतीची फळबाग: कोकण-गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं कोकण आणि गोव्याची हवा धरून लिहिली आहेत: चार महिने धो धो पाऊस, आम्लधर्मी जांभी माती आणि मार्चपासून दमट उन्हाळा. घरची बाग म्हणजे विक्रीच्या बागेची छोटी आवृत्ती नव्हे. इथे वर्षभर काही ना काही पिकलं पाहिजे आणि ते शिडीशिवाय हाताला लागलं पाहिजे. बरेचसे सल्ले त्याच हिशोबाने दिले आहेत.

१. घर सोडून तीन-चार गुंठे मोकळी जागा आहे. कोणती आणि किती झाडं लावू?

दोन आंबे, एक फणस, एक चिकू, एक कोकम, एक पेरू, एक लिंबू, एक सीताफळ, कुंपणाला करवंदी, आणि मध्ये केळीची दोन बेटं व तीन-चार पपया. एवढं चार गुंठ्यांत नीट बसतं. तीनच गुंठे असतील तर फणस किंवा चिकू यांपैकी एक सोडा.

निवड करताना महिन्यांचा हिशोब करा. थंडीत पेरू आणि चिकू, मार्च ते मे आंबा, फणस, करवंदं, कोकम, पाऊस ओसरू लागला की सीताफळ. लिंबू, केळी, पपई अधूनमधून वर्षभर. सगळीच झाडं हापूसची लावली तर मे महिन्यात आंबे वाटत फिरावं लागतं आणि उरलेले दहा महिने बाजारातून फळं आणावी लागतात. दोन आंब्यांपैकी एक हापूस आणि दुसरा पायरी, केसर, रत्ना किंवा गोव्यात मानकुराद असा ठेवा. हापूसला परक्या जातीचे परागकण मिळाले की फळधारणा सुधारते.

२. दोन झाडांत अंतर किती सोडायचं? घरापासून किती लांब?

छाटणी करणार नसाल तर आंबा, फणस, चिकू यांना २५ ते ३० फूट. दरवर्षी छाटून आंबा १२-१५ फूट उंचीवर रोखणार असाल तर १६ ते १८ फूट पुरतात. कोकम २० फूट, पेरू आणि लिंबू १५ ते १८, सीताफळ १५, पपई ६ ते ७, केळी ५ ते ६, करवंदाचं कुंपण ४ फूट.

आंबा-फणस घराच्या भिंतीपासून, विहिरीच्या कठड्यापासून आणि शौचालयाच्या टाकीपासून किमान २० फूट लांब हवेत. शेजाऱ्याच्या हद्दीपासून निदान १० फूट सोडा. फांदी पलीकडे गेली की फळावरून आणि पालापाचोळ्यावरून कटकटी सुरू होतात. घराच्या दक्षिण-पश्चिम बाजूला मोठं झाड आलं तर दुपारची उन्हं अडतात, पण वादळात वारा त्याच बाजूने येतो. म्हणून तिकडे ठिसूळ लाकडाचं झाड नको.

३. खड्डा केवढा, कधी आणि कशाने भरायचा?

आंबा, फणस, चिकू, कोकम यांना ३ फूट लांब, रुंद, खोल. पेरू, लिंबू, सीताफळाला २ फूट पुरे. खड्डे एप्रिलमध्ये खणा आणि महिनाभर उन्हात तापू द्या. हुमणी, वाळवी आणि मुळांचे रोग बरेच कमी होतात. खणताना वरच्या एक फुटाची काळसर माती एका बाजूला आणि खालची तांबडी दुसऱ्या बाजूला टाका.

मेअखेरीस तळाशी सुका पालापाचोळा दाबा. त्यावर वरच्या थरातली माती, ३-४ घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि २ किलो सिंगल सुपर फॉस्फेट (लहान खड्ड्याला १ किलो) मिसळून भरा. जांभी माती स्फुरद धरून ठेवते आणि तो मुळांना सहज मिळत नाही, म्हणून तो मुळांजवळच द्यायचा. शेणखत कच्चं असलं तर वाळवी हमखास लागते. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवा, कारण दोन पावसांत माती बसते. हे न केल्यास कलमाभोवती तळं साचतं, आणि जुलैत लावलेलं कलम ऑगस्टमध्ये पिवळं पडण्याचं सर्वांत मोठं कारण तेच.

लागवड जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जुलैपर्यंत, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करावी. फार पावसाच्या, सपाट जागी ऑगस्टअखेर लावलेली झाडं जास्त जगतात, मात्र त्यांना पहिल्या उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही.

४. आमचा सगळा कातळ आहे. एक फूट माती, खाली जांभा. काही येईल का?

येईल, पण आधी निचरा तपासा. खणलेल्या खड्ड्यात काठोकाठ पाणी भरा. २४ तासांत जिरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशीही अर्धा खड्डा पाणी असेल तर तो खड्डा नसून टाकी आहे, त्यात कोणतंही कलम गुदमरेल. अशा ठिकाणी उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापर्यंत चर काढून पाण्याला वाट द्या. ते जमत नसेल तर दोन फूट उंच आणि सहा फूट व्यासाचा मातीचा उंचवटा करून, भोवती जांभ्या दगडाचा गडगा रचून त्यावर लावा. कातळावर आंबा, काजू, करवंद, जांभूळ तग धरतात. पपई आणि केळी तिथे लावू नका.

५. बी लावू की कलम? बियांपासून तसंच फळ येतं का?

आंबा, चिकू, पेरू, कोकम यांची कलमंच लावा. हापूसच्या कोयीपासून हापूस मिळत नाही, रायवळ मिळतो आणि तोही सात-आठ वर्षांनी. फणस बियांपासून लावला तर कापा निघेल की बरका हे फळ फोडल्यावरच कळतं. कागदी लिंबाची बी बहुतेक वेळा आईसारखंच झाड देते, म्हणून ते रोपानेही चालतं. सीताफळ बियांपासून तीन-चार वर्षांत फळतं, पण गराचं प्रमाण नशिबावर. पपई बियांचीच असते (प्रश्न १७ पाहा).

बी लावायचीच असेल तर आंबा, फणस, जांभूळ, कोकम यांची ताजी लावा. वाळवून डबीत ठेवलेली फणसाची आठळी किंवा जांभळाची बी उगवत नाही.

६. रोपवाटिकेत कलम घेताना काय बघायचं?

खालचं मुळाचं रोप (खुंट) आणि वरची काडी जिथे जुळतात तो जोड पहिला बघा. तो जमिनीपासून वीतभर उंच, दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीचा आणि भरलेला हवा. हलकेच वाकवल्यावर जोडाशी फट दिसली तर ते कलम परत ठेवा. उंची दीड ते दोन फूट, वय साधारण वर्षभर. पाच फूट उंच, फळं लागलेलं कलम घ्यायचा मोह होतो, पण त्याची मुळं पिशवीत गोल फिरून एकमेकांना आवळत असतात. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलेलं दिसलं की तेच समजा.

चिकूचं कलम रायणीच्या खुंटावर भेट कलमाने केलेलं असतं. रायणीची पानं ओळखून ठेवा: लहान, चकचकीत आणि टोकाला छोटी खाच असलेली. चिकूचं पान टोकदार असतं. खरेदी शासनमान्य किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच करा आणि पावतीवर जात लिहून घ्या. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचं वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र इथली कलमं खात्रीची, मात्र नोंदणी पावसाळ्याच्या बरीच आधी करावी लागते.

७. कलम लावून झालं. पहिली दोन वर्षं काय सांभाळायचं?

बहुतेक झाडं याच काळात दगावतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

लावताना पिशवी पूर्ण फाडून काढा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका, आणि जोड जमिनीच्या वर अर्धा फूट तरी राहील असं बघा. जोड मातीखाली गेला तर तिथून कुजतो. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी नव्या वाढीला सुरुवात झाली की ब्लेडने उभी चिरून काढा. ती राहिली तर वर्षभरात खोडात रुतते आणि पुढे वाऱ्याने झाड नेमकं तिथेच मोडतं. शेजारी काठी रोवून सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखं सैल बांधा.

दर पंधरा दिवसांनी जोडाखाली बघायचं. तिथून फुटवा आला की नखाने कोवळा असतानाच खुडायचा. हा खुंटाचा फुटवा जोमाने वाढतो आणि वरचं कलम हळूहळू वाळतं. “हापूस लावला होता, रायवळ निघाला” अशा तक्रारींचं उत्तर बहुधा इथे असतं. चिकूत रायणीची पानं ओळखता येतात, आंब्यात पानांवरून फरक कळत नाही, म्हणून जागा बघायची.

पहिली तीन वर्षं आंब्याला आलेला मोहोर खुडून टाका. मन होत नाही, पण कोवळ्या कलमावर दोन आंबे धरले तर त्या वर्षीची वाढ थांबते. झाड अडीच फुटांचं झालं की शेंडा छाटा. येणाऱ्या फुटव्यांतले वेगवेगळ्या दिशांचे तीन-चार ठेवा, बाकीचे काढा. हाताला लागणारं झाड इथेच घडतं, पंधरा वर्षांनी करवतीने नव्हे.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत नैर्ऋत्येकडून झापांचा आडोसा करा. कोकमाला तर सावली लागतेच.

८. पाणी किती द्यायचं?

नव्या कलमाला पहिल्या वर्षी नोव्हेंबर ते मे आठवड्याला १५ लिटर. कातळावर किंवा वाळूत तेवढंच पाणी आठवड्यात दोनदा विभागून. दुसऱ्या वर्षी पंधरवड्याला ३० लिटर. पाणी खोडाशी न ओतता दीड-दोन फुटांवरच्या गोल आळ्यात द्यावं आणि आळ्यावर चार बोटं जाड पालापाचोळा घालावा. रोज तांब्याभर पाणी दिल्याने मुळं वरच राहतात आणि एप्रिलच्या सुटीत चार दिवस घर बंद राहिलं की झाड जातं. गावी कुणी नसेल तर कलमापासून फूटभरावर दहा लिटरचं कच्च्या भाजणीचं मडकं तोंडापर्यंत पुरून भरून ठेवा, झाकण लावा.

फळणाऱ्या आंब्याचं वेळापत्रक उलटं आहे. ऑक्टोबरपासून पाणी बंद. फळं वाटाण्याएवढी झाली की पंधरा दिवसांच्या अंतराने १५० ते २०० लिटर, तीन-चार वेळा, आणि काढणीच्या महिनाभर आधी पुन्हा बंद.

९. खताचं प्रमाण सांगा. नुसतं शेणखत चालेल का?

आंब्यासाठी विद्यापीठाची शिफारस पहिल्या वर्षी ५ किलो शेणखत, १५० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद, १०० ग्रॅम पालाश अशी आहे. दुकानातल्या भाषेत सुमारे ३२५ ग्रॅम युरिया, ३१० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, १७० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. दरवर्षी तेवढंच वाढवत दहाव्या वर्षापासून ५० किलो शेणखत, सव्वातीन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट आणि पावणेदोन किलो पोटॅश कायम. फळणाऱ्या हापूसला हे सगळं जूनमध्येच द्या. सप्टेंबरनंतर युरिया पडला तर मोहोराऐवजी पालवी येते.

नुसतं शेणखत, गांडूळखत आणि राख यांवर घरची बाग चालते, फक्त प्रमाण दुप्पट धरा आणि फळांची संख्या थोडी कमी गृहीत धरा. खत फांद्यांच्या कडेच्या सावलीपासून फूटभर आत, वीतभर खोल गोल चरात टाकून झाका. खोडाशी टाकलेलं खत वाया जातं, कारण अन्न घेणारी मुळं तिथे नसतात.

१०. आंब्याचं झाड बारा वर्षांचं, हिरवंगार, पण मोहोरच येत नाही. का?

चार कारणं तपासा. झाडाला पुरेसं ऊन आहे का, नत्र जास्त किंवा उशिरा पडतंय का, ऑक्टोबरनंतर पाणी मिळतंय का (न्हाणीघराचं सांडपाणी आळ्यात जात असेल तर तेही पाणीच), आणि गेल्या वर्षी प्रचंड फळ आलं होतं का. हापूस एका वर्षाआड फळतो, तो त्याचा स्वभाव आहे.

उपाय छाटणीचा. फळं उतरल्यावर लगेच, पाऊस बसण्याआधी, मधली सरळ वर जाणारी एखादी फांदी मुळाशी कापून झाडाचा गाभा उघडा, आणि वाळक्या व आत वळलेल्या काड्या काढा. पावसाळ्यात येणारी पालवी ऑक्टोबरपर्यंत जून होते आणि तिच्यावरच मोहोर धरतो. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायला विसरू नका (प्रश्न १५). फांद्यांवर बांडगूळ असेल तर तेही याच वेळी काढा, मात्र ते नुसतं ओरबाडून उपयोग नाही. ते जिथे रुजलंय त्याच्या खाली फूटभर अंतरावर फांदीच कापावी लागते.

११. कल्टार घालू का? शेजारचे बागायतदार घालतात.

घराभोवती नको. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ते वाढ रोखून मोहोर आणतं. त्याची मात्रा झाडाच्या विस्तारावर ठरते, आणि दहा वर्षांपुढच्या सशक्त झाडाला, भरपूर खत देऊनच ते वापरायचं असतं. मातीत ते बराच काळ टिकतं. घरच्या बागेत आंब्याच्या मुळांतच केळी, हळद, आळू, लिंबू असतात, त्यांचीही वाढ खुंटते. चार पेट्या जास्त आंब्यांसाठी हा व्यवहार परवडत नाही.

१२. मोहोर भरपूर येतो, पण कणी धरत नाही किंवा सुपारीएवढी फळं गळतात.

मोहोरात बहुसंख्य फुलं नर असतात, त्यामुळे शेकडो फुलांतून एखादं फळ टिकणं हेच सामान्य आहे. त्यापलीकडे गळ असेल तर मोहोरावर टिचकी मारून बघा. करड्या पाचरीसारखे किडे तिरपे उडाले तर तुडतुडे. पानांवर चिकट, काळं दिसतं तेही त्यांच्याच स्रावाने. पांढरी पूड दिसली तर भुरी. मोहोर फुलण्यापूर्वी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: अर्धा किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १० लिटर करा. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक २० ग्रॅम १० लिटरला. फुलं उमलल्यावर काहीही फवारू नका. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात आणि त्याच मरतात.

फळं वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढी असताना १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट १० ग्रॅम प्रति लिटर असे तीन फवारे दिले की गळ कमी होते.

१३. हापूस बाहेरून सुंदर, कापल्यावर आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा. हे काय?

साका. हा रोग नाही, कीड नाही. फळ झाडावर जास्त पिकू दिलं आणि उन्हाची व तापलेल्या जमिनीची धग लागली की कोयीभोवतीचा गर असा होतो. फळ झाडावर पूर्ण न ठेवता चौदा आणे तयार झाल्यावर उतरवा. खांदे देठाच्या वर उचललेले दिसतात, देठाशी खळगा पडतो आणि हिरवा रंग फिका होतो. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर, दीड-दोन इंच देठ ठेवून झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेल्या) काढा आणि लगेच सावलीत न्या. झाडाखाली मार्चपासून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवा. रत्ना, सिंधू या हापूसच्या संकरात साका येत नाही, हे दुसरं झाड निवडताना लक्षात असू द्या.

१४. पेरूत आणि शेवटच्या आंब्यांत अळ्या निघतात.

फळमाशी. ती पिकत आलेल्या फळात अंडी घालते, म्हणून वरून फवारा मारून अळी मरत नाही. तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतात. खाली पडलेलं प्रत्येक फळ रोज उचलून दोन फूट खोल पुरा किंवा काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा. मिथाईल युजेनॉलचा रक्षक सापळा माणसाच्या उंचीवर, सावलीत टांगा आणि त्यातली गोळी दीड-दोन महिन्यांनी बदला. फळांना पिशव्या घाला: आंबा अंड्याएवढा आणि पेरू लिंबाएवढा असताना, खाकी कागदाची पिशवी किंवा वर्तमानपत्राचे दोन थर. सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे एकट्या सापळ्यावर भिस्त ठेवू नका.

पेरूत आणखी एक सोय आहे. पावसाळ्यातली फळं सर्वांत जास्त किडतात आणि पाणचट असतात. एप्रिल-मेमधली फुलं झाडून टाका, फांद्यांचे शेंडे चार बोटं छाटा. जूननंतरच्या फुलांचा पेरू थंडीत येतो, गोड आणि जवळजवळ अळीशिवाय. पुण्याच्या गणेशखिंड बागेत निवडलेला सरदार, म्हणजेच एल-४९, यासाठी उत्तम.

१५. खोडाशी भुसा पडलाय, एक फांदी अचानक वाळली. बोर्डो पेस्ट कशी करायची?

ही भिरूड, खोड पोखरणारी अळी. भुशाच्या वर ओलं छिद्र शोधा. सायकलच्या आऱ्याच्या टोकाला आकडा करून आत घाला आणि अळी ओढून काढा. ती बोटाएवढी, पिवळसर पांढरी असते. मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून छिद्र चिखलाने बंद करा. आठवड्याने पुन्हा ताजा भुसा दिसला तर दुसरी अळी आहे. फणस आणि आंब्याच्या जुन्या झाडांची दर महिन्याला पाहणी करा, कारण खोडात गोल फिरलेली एक अळी पूर्ण झाड मारते.

बोर्डो पेस्टसाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत रात्रभर विरघळवा आणि सकाळी एकत्र ओता. त्यात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घाला, नाहीतर साल भाजते. फवारणीचं १ टक्का मिश्रण हवं असेल तर तेवढाच मोरचूद आणि चुना एकूण १० लिटर पाण्याला. दोन्ही त्याच दिवशी वापरायची, उद्यासाठी ठेवायची नाहीत. पावसाळ्याआधी खोडाला तीन फुटांपर्यंत पेस्ट लावणं हे वर्षातलं सर्वांत फायद्याचं काम आहे.

१६. रातांब्याचं झाड दहा वर्षांचं झालं, फुलतं, पण फळ नाही.

ते नर असणार. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून आलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. फूल हातात घेऊन बघा. नर फुलं गुच्छाने येतात आणि मध्ये पुंकेसरांचा पिवळा गोळा असतो. मादी फुलात मध्ये हिरवी इवलीशी गोटी दिसते. रोपावस्थेत पानांवरून हे ओळखता येत नाही, कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

म्हणून मादी झाडाच्या काडीचं मृदकाष्ठ कलम लावा, ते चार-पाच वर्षांत फळतं. इथे एक खोच आहे. काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची असेल तर झाड नेहमीसारखं निमुळतं उभं वाढतं. आडव्या फांदीच्या काडीचं कलम आडवंच पसरतं, कितीही काठ्या लावल्या तरी शेंडा धरत नाही. घरच्या बागेला ते वाईट नाही, फळं बसून काढता येतात. पण जागा तशी सोडायला हवी. विद्यापीठाची कोकण अमृता ही जात घ्यावी, कारण तिची बरीचशी फळं पावसाआधी तयार होतात. मृगाच्या पावसात सापडलेला रातांबा आमसुलासाठी वाळत नाही.

असलेलं नर झाड तोडू नका. आसपास एक तरी नर हवाच.

१७. पपईची पाच रोपं लावली, तीनांना लांब लोंबणारी फुलं आली. ती कापू का?

लांब देठावर झुपक्याने लोंबणारी फुलं म्हणजे नर. दहा माद्यांना एक नर पुरतो, बाकीचे काढा. वॉशिंग्टनसारख्या जातींत नर-मादी वेगळे असल्याने एका आळ्यात दोन-तीन रोपं लावून फुलं आल्यावर एक ठेवायचं. तैवानच्या रेड लेडीत नर निघत नाहीत. काही झाडं उभयलिंगी, लांबट फळांची आणि काही मादी, गोल फळांची असतात. तिच्या फळातलं बी धरून पुन्हा लावलं तर मात्र सारखेपणा राहत नाही.

पपईचा खरा शत्रू पाणी. मुळांशी दीड-दोन दिवस पाणी तुंबलं की खोड तळाशी कुजतं. कोकणात ती दीड फूट उंच गादीवर, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा. पानं आखडून त्यांवर पिवळी-हिरवी चट्टेदार नक्षी आणि फळांवर गोल कडी दिसली तर तो मावा किडीने पसरणारा विषाणू. त्याला औषध नाही. झाड उपटून जाळा.

१८. सीताफळाला फुलं खूप, फळं चारच.

सीताफळाचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, त्यामुळे स्वतःचं परागीभवन क्वचितच होतं. हवा कोरडी आणि तापलेली असेल तर फळ धरतच नाही. पाऊस सुरू झाल्यावर आपोआप सुधारतं. घाई असेल तर हाताने करा. दुपारी पाकळ्या पूर्ण फाकलेली, आतले पुंकेसर तपकिरी, सुटे झालेली फुलं कागदावर झटका आणि ती पूड काड्यापेटीत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान, पाकळ्या जेमतेम उघडलेली फुलं शोधा. आतला शंकू ओलसर चमकतो. मऊ कुंचल्याने पूड त्यावर सगळ्या बाजूंनी फिरवा. एकाच बाजूला लागली तर फळ वाकडं होतं.

१९. लिंबाच्या पानांवर खवले, नागमोडी रेषा, आणि फळ नाही.

खरबरीत, पिवळ्या कडेचे तपकिरी डाग म्हणजे खैऱ्या. कोकणातल्या पावसात तो पूर्ण जात नाही. डागाळलेल्या फांद्या पावसाआधी कापून जाळा आणि जूनमध्ये व नंतर महिन्याने १ टक्का बोर्डो फवारा. चंदेरी नागमोडी रेषा पानं पोखरणाऱ्या अळीच्या. नव्या पालवीवर निंबोळी अर्क (प्रश्न १२) पुरतो. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते, हाताने वेचा.

फळ नसण्याचं कारण वेगळं. सरळ, जाड, लांब काट्यांचे फुटवे झाडाची ताकद खातात, ते तळाशी काढा. सतत पाणी मिळणारं लिंबू पानंच वाढवतं. डिसेंबरात तीन-चार आठवडे पाणी तोडा, जानेवारीत आळ्यातली माती हलकी खणून खत आणि पाणी द्या. साधारण पावसाळ्यात फळ मिळतं.

२०. चिकू काढला तो पिकलाच नाही, दगड राहिला. कधी काढायचा?

सालीवरची तपकिरी भुकटी अंगठ्याने सहज निघाली पाहिजे. मग नखाने हलकं खरवडा. खाली हिरवं दिसलं आणि चीक आला तर थांबा, पिवळसर दिसलं तर काढा.

२१. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी आमच्याकडे येतील का?

स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीला साडेचार हजार फुटांच्या थंडीत पिकते. किनाऱ्यावर ती हौसेने, एका हंगामापुरती होते. ऑक्टोबरअखेर रोपं आणून ८-१० इंची कुंडीत, रोपाचा गड्डा (पानं फुटतात ती जागा) मातीच्या नेमक्या पातळीवर ठेवून लावा, सकाळचं ऊन द्या. जानेवारी-फेब्रुवारीत मूठमूठ फळं मिळतात. मार्चपासून उन्हाने ती वेली सोडते आणि पावसात कुजते. ब्लूबेरीचा नाद सोडा. तिला ४.५ ते ५.५ सामूची (pH), म्हणजे बरीच आम्ल माती आणि थंडीचे दिवस लागतात. पहिली अट कुंडीत कशीबशी जमवता येते, दुसरी नाही.

आपल्या हवेतली छोटी फळं मात्र दुर्लक्षित आहेत. तुतीची पेन्सिलएवढी जाड, वीतभर काडी जूनमध्ये खोचली की दुसऱ्या वर्षी फळते. दर छाटणीनंतर नव्या फुटव्यांवर पुन्हा फळं येतात. फालसा डिसेंबर-जानेवारीत कमरेएवढा छाटला की एप्रिल-मेमध्ये लगडतो. करवंद कुंपणही होतं आणि फळही देतं. कोकण बोल्ड ही मोठ्या फळांची जात आहे. जांभळाला जागा असेल तर पालघरच्या बहाडोली जांभळाचं कलम घ्या. मुलांना हाताने तोडून खाता येईल असं काही हवं असेल तर तुतीपासूनच सुरुवात करा.

२२. गच्चीवर ड्रममध्ये काय फळतं?

कागदी लिंबू, पेरू, डाळिंब, अंजीर, तुती आणि आंब्यात आम्रपाली. ड्रम १०० लिटरचा, तळाला आणि कडेला तळापासून दोन इंचांवर बोटभर भोकं. ओल्या मातीसह तो सव्वाशे-दीडशे किलो भरतो, म्हणून तुळईच्या वर किंवा भिंतीलगत ठेवा आणि विटांवर उचला. दर दोन वर्षांनी पावसाच्या तोंडावर बाजूची चार बोटं माती मुळांसकट कापून नवं मिश्रण भरा. हे टाळलं की तिसऱ्या वर्षी फळं सुपारीएवढी होतात. फणस आणि चिकू ड्रममध्ये लावू नका.

२३. वानरं काहीच ठेवत नाहीत.

पूर्ण बंदोबस्त कुणाकडेच नाही. दहा-बारा फुटांत राखलेल्या झाडावर जाळी टाकता येते, तीस फुटांच्या झाडावर येत नाही; प्रश्न ७ मधल्या छाटणीचा हा आणखी एक फायदा. छपरावरून झाडावर उडी मारता येणार नाही एवढं अंतर ठेवा. विष किंवा फासे लावणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

२४. आमच्याच जमिनीतला जुना आंबा घरावर आलाय. तोडायला परवानगी लागते का?

लागते. महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडं आहेत, मालकीच्या जमिनीत असली तरी. त्यासाठी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात अर्ज करायचा. नगरपालिका-महापालिका हद्दीत १९७५ चा कायदा लागू होतो आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून मिळते. तिथे मोठी फांदी छाटण्याआधीही विचारून घ्या. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत सातबारा (गोव्यात एक-चौदा) आणि झाड घरावर कसं झुकलंय ते दाखवणारे फोटो जोडा. धोका एखाद्या फांदीपुरताच असेल तर संपूर्ण झाडाऐवजी तेवढ्या फांदीसाठी अर्ज करा.